हिरोशीरावांचा एकतीस डिसेंबर

आज एकतीस डिसेंबर. सकाळपासून बारीक पाऊस, वर ओला बर्फ. व्हँकुव्हरचं आभाळ फडकं पिळल्यासारखं गळतंय. अशा दिवशी माणूस खिडकीत बसला की शेजाऱ्याचं दिसतं, आणि दिसलं की मनात साठत जातं. माझ्याकडे हिरोशीरावांचं बरंच साठलंय.

आमची दोन घरं एका भिंतीची. ते जपानी, त्यांच्यात दुसऱ्याच्या नावापुढे सान लावतात. मी राव लावतो. बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली. इंग्रजी त्यांचं दुकानापुरतं, माझंही तेवढंच, म्हणून आमचं जमतं.

*

जपानी लोक वर्ष संपायच्या आत अख्खं घर धुऊन काढतात. जुनी धूळ नव्या वर्षात न्यायची नाही. हिरोशीरावांचा मुलगा, मुलगी, जावई दरवर्षी बादल्या घेऊन हजर. जावई शिडीवर चढून बल्ब पुसतो!

मला बघवेना. मॉन्ट्रियलला मुलाला फोन लावला. म्हटलं, एकदा तू पण ये, मिळून घर झाडू.

तो म्हणाला, "बाबा, इतकंच ना? क्लीनर बुक करतो."

*

जानेवारी लागला की त्यांच्या पेटीत शुभेच्छापत्रांचा गठ्ठा. आमच्या पेटीत पिझ्झाची जाहिरात. गेल्या वर्षी मी ती पत्रासारखी घडी घालून खिशात ठेवली. हिरोशीरावांनी विचारलं, कुणाचं? म्हटलं, मुलाचं.

आमची ही मागेच उभी. मराठीत म्हणाली, "अहो, मग विचारा त्याला, चीज किती घालतो."

*

वर्षाच्या पहिल्या स्वप्नात वांगं दिसलं तर त्यांच्यात फार शुभ. त्यांना दिसलं म्हणे, चांगलं मोठं. मी मुद्दाम लवकर झोपलो. स्वप्नात रात्रभर फावड्यानं बर्फ उपसत होतो, तोही त्यांच्या दारातला!

*

आज त्यांची मंडळी दुपारीच परत गेली. ते पायरीवर एकटेच, बादली पालथी घालत होते. आमच्या घरात ही माझ्या नावानं ओरडत होती, कपाट अर्धंच पुसलं म्हणून. मी तसाच पावसात कुंपणापाशी गेलो. विचारलं, मुलं दरवर्षी येतात, असं काय करता तुम्ही? सांगा, मी पण करीन.

त्यांनी हातातलं फडकं पिळून बादलीवर टाकलं. मग म्हणाले, "एक दिवस येतात. बाकीचे दिवस तुम्ही दोघं भांडता, ते ऐकायला मी टीव्ही बंद करतो."