हवेत धावणारा कुत्रा

ओल्या प्रायमरचा वास आला की मुलुंडच्या आमच्या नवव्या मजल्यावरची ती खिडकी आठवते. बाहेर, दोरांना टांगलेल्या फळीवर बसून एक रंगारी इमारत रंगवत होता. आत माझी भाची जुनी कार्टून पाहत होती. ब्रश डब्याच्या काठावर निरपताना त्याचा हात थांबे आणि नजर काचेतून टीव्हीवर खिळे.

कार्टूनमधला कुत्रा कड्यापलीकडे हवेतच धावत सुटला, थबकला आणि खाली पाहताच कोसळला. रंगारी खांदे हलवून हसला. मला ते हसू उमगेना. दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाला असे कोसळणे दाखवत राहावे का? मी टीव्ही बंद केला. त्याने नखाने काच वाजवली. मी ती सरकवली.

"ताई, लावा ना. मजा येत होती."

"भीती नाही वाटत?"

"धावत होता तोवर पडला काय तो? खाली बघितलं, तेव्हा वाट लागली त्याची."

मी टीव्ही पुन्हा लावला. हायसे वाटून घ्यावे की धास्तावावे, हे मात्र ठरेना.

"मग तुम्ही बघता का खाली?"

ब्रश रंगात बुडवत तो म्हणाला, "रोज."