दगडूभाईंचा आकडा

एका लुगड्यापायी मी बोलायचं तेव्हा तोंड मिटून बसले आणि नको तेव्हा उघडलं. वय तेव्हा अठरा, अक्कल त्याहून बरीच कमी, आणि आरशासमोर उभं राहायची हौस मात्र घरात मावत नव्हती. आता नातसुना विचारतात, आजी, बिल घेतल्यावर तुम्ही दुकानाच्या दारातच उभ्या राहून का वाचता? सांगायचाही कंटाळा येतो. तरी दगडूभाईंसाठी एकदा लिहून ठेवते.

युद्धाचे दिवस होते, कापडाची टंचाई. आमचं घर केडगावला. नगरच्या ज्या दुकानात आमचं खातं होतं, तिथून लुगडी पसंतीसाठी घरी पाठवायची रीत होती. दगडूभाई गठडं खांद्यावर घेऊन चालत यायचे, ओट्यावर सोडायचे आणि बायकांची निवडानिवड चालू असेतो रस्त्याकडे तोंड करून बसायचे. साठीला टेकलेले, उन्हाने करपलेले. कोणता रंग घेऊ विचारलं, की म्हणत, "गठडं वाहनाराला रंग दिसत न्हाई सूनबाई, वजन दिसतं."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मोजणी बोटांच्या पेरांवर. निघताना उंबऱ्याशी मोठ्याने म्हणायचे, "सहा आनली, चार चालली, दोन ऱ्हायली. ऐकलं का घरानं?" दुकानात जाऊन तोच आकडा मुनीमजींना सांगायचे, आणि त्यावरून मुनीमजी बिल करायचे. कोणी पुन्हा विचारत नसे, इतका त्या आकड्याचा भरवसा.

त्या दिवशी सासूबाई नेवाशाला गेल्या होत्या. मला एक लुगडं घ्यायची परवानगी होती. मी दोन ठेवली. पुढचं पुढे बघू, असा माझा थोर विचार. आणि बिल आलं ते एकाचंच. दगडूभाई दोन म्हणाले, मुनीमजींनी एक लिहिलं. मी देवापुढे साखर ठेवली, खोटं कशाला सांगू. सासूबाई परतल्यावर त्यांना सांगितलं, दुसरं माहेरून आलंय.

दिवाळीआधी दुकानात माल मोजला, तर एक लुगडं कमी. बिलात एक, दगडूभाई म्हणतात दोन. मालकांनी कागद खरा मानला. तेव्हा दगडूभाई चालत आमच्याकडे आले, खांद्यावर गठडं नाही, त्यामुळे ओळखूच येईनात. ओट्यावर सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांच्यासमोरच त्यांनी विचारलं, "सूनबाई, तवा एक ठिवलं हुतं का दोन?"

सासूबाईंचे हात सुपात थांबले. मी म्हणाले, "एकच."

दगडूभाईंनी वाद घातला नाही. स्वतःच्या पेरांकडे बघितलं, "मग माझंच चुकलं असंल," म्हणाले, आणि पाणीही न पिता गेले.

ते लुगडं मी दोनदा नेसले. दोन्ही वेळा कोणी छान म्हटलं नाही.

पुढे गठडं घेऊन दुसराच माणूस यायला लागला. त्याच्याकडून कळलं की लुगड्याचे पैसे दगडूभाईंच्या पगारातून कापले. आणि मोजायचं काम आता मला नको, असं मालकांना त्यांनी स्वतःच सांगितलं. दुकानामागे बसून ते सुतळ्यांच्या गाठी सोडवायचे.

वर्ष गेलं. भाऊबिजेचे, माहेरचे पैसे साठवून लुगड्याच्या किमतीएवढे झाले, तेव्हा आधी सासूबाईंना सांगितलं. त्या काय बोलल्या ते लिहीत नाही. मग त्याच मला दुकानात घेऊन गेल्या, आणि मागच्या बाजूला मला एकटीलाच पुढे ढकललं.

दगडूभाई पायरीवर बसले होते, वर्षभरात दहा वर्षांनी थकलेले. मी पैसे त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं. दोन ठेवली होती, बिल चुकलं होतं, मी गप्प बसले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. शिव्या खायची तयारी करून गेले होते मी. त्यांनी हातातली सुतळी तळहाताला गुंडाळली. पैशाला हात लावला नाही. मग उठून सदरा झटकला आणि म्हणाले,

"म्हंजे मी दोनच सांगितलं हुतं. वरीस झालं सूनबाई, बाजारला निघालो की मी इसरंन ह्या भ्यानं काय आनायचं ते बायको माझ्याकडनं चारदा वदवून घेती, आन् मी म्हनतो. पैशाचं मागनं बघू. मी जरा घरी जाऊन येतो."