पाणी मागणारी होडी

लग्न ठरवताना माझ्या वडिलांना एवढंच सांगितलं होतं, की मुलगा काही वर्षं मुंबईला होता. मुंबईला म्हणजे गिरणीत असेल, असं आमच्या कळंबच्या घरात सगळ्यांनी धरून चाललं. गिरणी कसली आलीय डोंबलाची! हा माणूस बापाशी भांडून घरातून पळाला तो थेट गलबतावर चढला होता. मुंबईत कौलं आणि कापड भरायचं, इराणच्या आखाताकडं न्यायचं, येताना खजूर आणायचा, असलं ते शिडाचं गलबत आणि त्याच्यावर हे खलाशी. येरमाळ्याजवळच्या लिंगायत शेतकऱ्याच्या घरातला, गळ्यात लिंग बांधलेला मुलगा मासळी खाणाऱ्या माणसांत नुसत्या भातावर कसा राहिला असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मला हे सगळं कळलं ते हळद उतरल्यावर. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि तिकडं विलायतेत मोठी लढाई पेटलेली होती.

आमचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. बार्शीकडं जाणारी गाडीवाट आमच्या बांधाला लागून जायची. घरात माणसं तीनच. हे, मी आणि माझ्या सासूबाई. हे परत येण्याआधीच सासरे वारले होते, त्यामुळं सासूबाईंनी पोराला हाताशी धरून ठेवलं होतं. तो काय करतो, कसा वागतो, त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. पुन्हा पळून जाईल ही धास्ती.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हते. दिवेलागणीला मी कंदील दारात टांगला, तर हे उठले आणि विझवून आत आणून ठेवला. लांबून दिसतो म्हणाले. म्हटलं, दिसंना का, दिवा दिसावा म्हणूनच लावतात की माणसं! मग एकेक कायदा बाहेर पडायला लागला. दाराच्या मागं तिखटाची पुरचुंडी असायला पाहिजे, कुणी आत घुसलं तर डोळ्यांत फेकायला. मी वर्षाचं तिखट कुटून ठेवावं आणि त्यातलं चांगलं पसाभर ह्यांनी दारामागं टांगावं, असा तो सगळा प्रकार. अनोळखी माणूस आला तर त्याचं तोंड बघायचं नाही, हात बघायचे. माणसं एकापेक्षा जास्त असली तर एकजण बोलत असताना बाकीची कुठं सरकतात तिकडं लक्ष ठेवायचं. गलबतावर असंच करतात म्हणे. समुद्रात चाचे असतात, ते कोळ्यांच्या वेषात येतात, मासळी विकायला येतात, वाट विचारायला येतात. मी म्हणायची, अहो, इथं विहिरीत तेवढं पाणी आहे, तेही चैत्रात तळाला जातं, इथं कुठले आलेत चाचे?

पण ह्या सगळ्यावर कडी म्हणजे, आमच्या दारात कुणालाही पाणी द्यायचं नाही.

आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आमच्याकडं वैरी जरी दारात आला तरी त्याला आधी गूळ-पाणी विचारतात, मग काय भांडायचं ते भांडतात. आणि चैत्रात येरमाळ्याला येडाई देवीची जत्रा भरते तेव्हा बार्शीकडच्या गाड्या सगळ्या आमच्याच वाटेनं यायच्या. पहिल्याच वर्षी एक बाई कडेवर लेकरू घेऊन दारात आली. मी तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तेवढ्यात हे गोठ्याकडून धावत आले. तिला म्हणाले, पुढं ओढ्यावर झरा हाय, तिकडं जा. बाई आधी ह्यांच्याकडं आणि मग माझ्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिली. लेकराच्या डोक्यावर पदर ओढून घेतला आणि निघून गेली. मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही, भाकरी वाढायची ती ताटात आपटूनच. तिसऱ्या दिवशी हे विहिरीवर मोट हाकत होते तिथं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, पाण्यावरून माणूस परत लावायला तुम्हाला कुणी शिकवलं ते आज मला कळलंच पाहिजे, नाहीतर मी चालले कळंबला. ह्यांनी बैल थांबवले. मग बैलांच्या धावेच्या कडेला बसून, माझ्याकडं न बघता सांगितलं.

आखातातून परत येताना एकदा वारा पडला होता. शीड नुसतं लोंबत होतं. सकाळी एक लहान होडी दिसली, तिला शीडही नव्हतं. आत चार-पाच माणसं. त्यातला एक उभा राहिला, त्यानं एक डबा डोक्यावर पालथा धरला आणि त्याच्या बुडावर हातानं वाजवायला लागला. पाणी संपलंय, अशी ती खूण. गलबताचा म्होरक्या तांडेल. त्याचा चुलतभाऊ दुसऱ्या गलबतावर होता. त्या गलबतानं अशाच एका होडीला पाणी द्यायला बाजूला घेतलं होतं, तर होडीत गोणपाटाखाली माणसं सुरे घेऊन निजलेली. माल लुटला, माणसं समुद्रात टाकली, चुलतभाऊ गेला तो गेलाच. त्यामुळं तांडेल म्हणाला, कुणी हलायचं नाही. त्याच्याकडं एक जुनी बंदूक होती, तिच्यात गोळी नव्हती, तरी ती घेऊन तो कडेला उभा राहिला.

पाण्याचं पिंप ह्यांच्या ताब्यात होतं. हे म्हणाले, दोर बांधून एक डबा सोडतो पाण्यावर, जवळ नको घ्यायला. तांडेल म्हणाला, त्याच दोराला धरून वर येतील. आणि वारा पडलेला, त्यामुळं पुढंही जाता येईना. दिवसभर ती होडी तिथंच आणि हे इथंच. डबा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. पुढं पुढं वाजवणारा माणूस बसून वाजवायला लागला. दुपार कलल्यावर आवाज यायचा बंद झाला. संध्याकाळी वारा आला आणि गलबत निघालं. पिंप अर्धं भरलेलं होतं.

मी येड्यासारखं विचारलं, एवढं सगळीकडं पाणीच पाणी, मग तहान कशी? म्हणाले, खारट असतं. ते पिलं की माणूस आधी येडा होतो आणि मग मरतो. मी समुद्र बघितला नव्हता, आजही बघितलेला नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या पाण्याची भीती वाटली.

म्हटलं, चोरच असतील हो ते. हे म्हणाले, असतील. आणि बैलांच्या पाठीवर हात टाकून पुन्हा मोट सुरू केली.

त्यानंतर मी भांडले नाही. भांडणार कुणाशी? हे माझ्यासमोर बसलेले असायचे आणि कान तिकडं. घरात काही वाजलं की ह्यांच्या जिवाचं पाणी व्हायचं. एकदा पिठाचा डबा पालथा घालून मी बुडावर थापा मारल्या, तळाचं पीठ सुटावं म्हणून, तर हे परसातून पळत आले आणि माझा हात धरला. ह्यांचा हात बर्फासारखा गार. सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या, त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. पावसाळ्यात पन्हळीखाली पत्र्यावर थेंब पडायचे तर हे उठून भर पावसात तो पत्रा काढून लांब ठेवून यायचे. मी पिठाला मडकं घेतलं, डबे सगळे देऊन टाकले. तरी ह्यांना ऐकू यायचं. मला विचारायचे, कुणी वाजवतंय का गं? मी म्हणायची, नाही हो, कुणी नाही. आणि खरं सांगते, पुढं पुढं हे विचारायच्या आधीच मीही कान देऊन बसायची.

पाणी का देत नाहीत तेही मला हळूहळू उमगलं. दारात पाण्याला येणारा जो तो चोर ठरला, की त्या होडीतलेही चोरच ठरत होते. एकालाही पाणी दिलं, आणि तो बिचारा पिऊन, हात जोडून आपल्या वाटेनं गेला, तर ह्यांचं काय होणार होतं? ह्या एका गोष्टीवर त्या माणसाचा सगळा जीव टांगलेला होता. मला ह्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदम. वाटसरूंसाठी मी चोरून बांधापलीकडच्या लिंबाखाली माठ भरून ठेवायला लागले. ह्यांना ते माहीत होतं. त्या बाजूला ते कधी जायचे नाहीत.

मग निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा आला. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत हिंडत होत्या. कोण कुणाचा, कुठल्या बाजूचा, काही कळायला मार्ग नव्हता, लुटणारा तेवढा लुटणारा. लोक गाड्या जुंपून हद्द ओलांडून बार्शीकडं निघाले, तिकडं स्वराज्य आलं होतं. आमच्या वाटेनं दिवसभर गाड्या जायच्या आणि नंतर नंतर त्याही जायच्या थांबल्या. आम्ही राहिलो, कारण सासूबाई पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं आणि गाडीचा एक हिसका बसला तरी त्या ओरडायच्या. माझा मुलगा नुकता चालायला लागला होता.

त्या दिवशी ऊन डोक्यावर आलेलं. मी मुलाला भरवत होते. हे दारातच दोर वळत बसले होते, ते एकदम उठून उभे राहिले. मी बाहेर बघितलं. बांधावरच्या बाभळीखाली चार-पाच माणसं. त्यातल्या एकानं हात वर केला होता आणि हातात पालथा तांब्या होता.

ह्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. हे आत आले, दार लावलं, अडसर घातला. सगळं ठरल्याप्रमाणं. पण अडसरावरचा हात काही निघेना. तसेच उभे राहिले, दाराला कपाळ टेकून. बाहेर कुणी हाक मारत नव्हतं, काही वाजत नव्हतं. आणि मी, जिनं पाण्यासाठी एवढी भांडणं केली, तीच मी पोराला पोटाशी धरून म्हणाले, "नका जाऊ. तुमच्या पाया पडते."

"ह्यावेळी जातो," हे म्हणाले. "मागनं अडसर घाल. म्या हाक मारली तरी उघडू नको."

पाण्याची घागर खांद्यावर घेऊन हे गेले. मी अडसर घातला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. हे बाभळीपर्यंत गेले. आधी थोडं लांब थांबले, मग जवळ गेले. ती माणसं खाली बसली. हे घागर तिरकी धरून एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतत गेले. एकजण पिऊन झाल्यावर पुन्हा शेवटाला जाऊन बसला. ह्यांनी त्यालाही पुन्हा घातलं. मला रडूच फुटलं. सासूबाई बाजेवरून विचारत होत्या, काय झालं गं, काय झालं. मी सांगितलं, पाणी पितायत बिचारी.

घागर रिकामी झाली, तेव्हा त्यातल्याच एकानं मागून ह्यांच्या डोक्यात काठी घातली.

मग ते घराकडं आले. दार हलवलं, लाथा घातल्या, उघड म्हणाले. ह्यांना फरफटत दारापर्यंत आणलं होतं, बायकोला हाक मार म्हणून मारत होते. मी पोराचं तोंड दाबून धरलं होतं. ते मारत होते तो आवाज मला ऐकू येत होता. ह्यांनी हाक मारली नाही. एकदाही नाही. शेवटी गोठ्यातले बैल सोडले, दावणीची गाय सोडली आणि निघून गेले.

मी दार उघडलं तेव्हा हे ओट्याला टेकून बसले होते, डोक्यातून रक्त गळत होतं, एक डोळा मिटलेला. मी पदर फाडून बांधला. बैल गेले होते, गाय गेली होती, पुढं पेरणी कशी करायची तो प्रश्न होता, पण मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं, सुटला माझा माणूस. मी ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "चोर होते. बघितलं ना? चोरच होते. तुमचा तांडेल खरा होता. आता सोडा ते सगळं."

ह्यांनी उघडा डोळा माझ्याकडं वळवला.

"व्हय, चोर होते," हे म्हणाले. "तू फटीतनं बघत हुतीस ना? कसं पिलं त्यांनी पाणी, बघितलंस?"

मी बघितलं होतं. पिऊन पुन्हा शेवटाला जाऊन बसलेला तो पोरसवदा होता. ओंजळीतला ओघळ कोपरापर्यंत गेला होता तो त्यानं चाटून घेतला होता. मुलगा आत रडायला लागला, म्हणून मी उठून त्याला घ्यायला गेले.