नंबर अभिरामचाच होता

विमलताई ग्वाल्हेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ट्रंक कॉल जोडत होत्या. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता: कुणी कॉल बुक केला, की आधी आपण उलट बुक करणाऱ्याच्या नंबरावर फोन करून खातरजमा करायची, मगच पुढची लाइन द्यायची. घाईतले दुकानदार चिडायचे, ओरडायचे, विमलताई ढिम्म हलत नसत. आता ते एक्स्चेंजही गेलं आणि यजमानही गेले. माधवगंजातल्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा मोबाइल, एवढाच काय तो संसार. तो वाजायचा रविवारी. हैदराबादहून मुलाचा, अभिरामचा फोन. "और? और सब ठीक?" करून चार मिनिटांत तो ठेवून द्यायचा.

एका मंगळवारी दुपारी मोबाइल वाजला. पडद्यावर अभिरामचं नाव.

"मम्मी, खाना खाया?"

आवाज बसलेला होता. सर्दी झालीय म्हणाला. हिंदी बोलत होता, पण त्यात नवल कसलं? इथल्या मराठी घरांतली पोरं शाळेत गेली की हिंदीच होऊन जातात. अभिरामच्या 'आई'ची 'मम्मी' तर तिसरीतच झाली होती. पुण्यातल्या एखाद्या आईला तेवढ्यावरून संशय आला असता. विमलताईंना नाही आला. त्यांना खटकलं ते निराळंच. अभिराम जेवणाचं कधी विचारत नाही. पण तो विचार त्यांनी मागे सारला. विचारलं तर विचारलं, मुलगाच आहे ना!

मग तो विचारतच गेला. तबीयत कशी आहे, एकटीला करमतं का. "यहाँ आ जाओ ना, हमारे पास." "येते रे," त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली की येतेच." मनातल्या मनात त्यांनी बॅग भरायलाही घेतली.

"अच्छा मम्मी, मेरा बैंक का काम अटक गया है. आपके मोबाइल पर ओटीपी आएगा, ज़रा पढ़ देना."

ओटीपी आला. सहा आकडे. त्या वाचायला तोंड उघडणार, तोच तीस वर्षांची सवय आडवी आली.

"ठेव तू. मीच लावते तुला."

"काटना मत, मम्मी!"

त्यांनी कापला. मात्र नंतर अभिरामच्या नावावर बोट धरून त्या नुसत्या बसून राहिल्या. तो अभिराम नव्हताच असं निघालं, तर मग हैदराबादला बोलावलं कुणी? बँकेतल्या पैशांपेक्षा त्यांचा जीव त्या बोलावण्यात अडकला होता. शेवटी लावला.

"मीटिंग में हूँ, मम्मी. मैंने कहाँ फ़ोन किया?"

सगळं ऐकून अभिराम घाबरला. ओटीपी दिला नाही ना, हे त्याने तीनदा विचारलं. मग समजावलं: हल्ली पडद्यावर कुणाचाही नंबर उमटवता येतो, बोलणारा भलताच असतो. नावावर भरवसा ठेवायचा नाही. जरा खटकलं की कापायचं आणि आपण स्वतः लावायचं. अरे, हे तू मला शिकवतोस, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची मीटिंग होती.

त्या संध्याकाळी विमलताईंनी चूल पेटवली नाही. राग त्या चोराचा यायला हवा होता; येत होता तो स्वतःचा. त्या मेल्याचं बोलणं गोड लागलं होतं. पोराच्या नावाने कुणा परक्याने चौकशी करावी आणि आपण त्याला भुलावं, इतके का आपण उपाशी होतो?

रविवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला. अभिरामचं नाव. त्यांनी उचलला.

"मम्मी, खाना खाया?"

विमलताईंनी तडक फोन कापला आणि आपण स्वतः लावला.

"काट क्यों दिया?" पलीकडे अभिराम होता. "मैं ही था, मम्मी."

विमलताईंनी पदराने चष्मा पुसला.

"काय म्हणत होतास रे? एकदा परत विचार ना."