काळ्या फडक्यातला पासंग

बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरच्या वेशीबाहेर ख्रिस्ती सिस्टरांचा एक दवाखाना होता. मी गिरणीत सुताच्या काट्यावर कारकून होतो. आमच्या धाकटीला त्यातल्या एका सिस्टरने गोवरातून ओढून काढलं होतं, म्हणून सुट्टीच्या गुरुवारी मी तिथे मुलांचं वजन करायला जाई. आज सांगतो आहे ते तिच्याबद्दलच.

ती केरळकडची, पन्नाशीची. मराठी पुस्तकी बोले. बाया हसत, तीही हसे. दर गुरुवारी खडी फोडायला आलेल्या बाया लेकरं घेऊन रांग लावत. वयाप्रमाणे वजनाची एक रेघ ठरलेली होती. वजन रेघेखाली असलं तर आठवड्याची दूध पावडर मिळे, वर असलं तर पुढच्या गुरुवारी या. पावडर इतकी थोडी येई की दुसरा इलाज नव्हता.

वर्षातून एकदा या सिस्टर प्रार्थनेसाठी आठ दिवस मौनाला बसतात. त्या वर्षी तिची पाळी आली तेव्हा तिने दवाखाना एका नव्या सिस्टरवर सोपवला आणि काटा माझ्यावर. जाताना औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या दिल्या, तापाच्या तीन मुलांची नावं सांगितली. काट्याबद्दल काही बोलली नाही.

गुरुवारी मी सवयीप्रमाणे आधी रिकामा काटा पाहिला. तो वजनांच्या बाजूला कललेला होता. एरवी काटा तीच मांडून ठेवी, मी नुसती वजनं टाकून आकडे लिहीत असे. त्या पारड्याखाली हात घातला तर काळ्या फडक्याची एक पुरचुंडी बांधलेली. गिरणीत असला पासंग मी तीनदा पकडला होता. ही लबाडी कुणाची हे विचारण्याचंही मला सुचलं नाही. पुरचुंडी सोडली, खिशात टाकली, काटा सरळ झाला. मला बरं वाटलं.

त्या दिवशी बेचाळीस मुलं झाली. पाच जण रेघेच्या वर निघाले. पाचवी चौदा महिन्यांची मुलगी, मंगळवेढ्याकडच्या मेंढरंवाल्यांची. रेघ सात किलोची, मुलगी सात किलो तीस ग्रॅम.

"मागल्या गुरवारी मिळालं की," तिची आई म्हणाली. "आठवडाभर हिनं खडी खाल्ली व्हय, एवढी वाढायला?"

रांगेतल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "दादा, लेकरू हाय ते, सुताचं गठुडं न्हाय!"

मी म्हटलं, "बाई, काटा खोटं बोलत नाही."

"काटा कुटं बोलतोय? तुमीच बोलताय." तिने मुलीला उचललं, पदराखाली घेतलं आणि निघून गेली.

पुढच्या गुरुवारी सिस्टर परतली होती. तिने आधी पारड्याखाली हात घातला. "पुरचुंडी कुठे आहे?" मी ती खिशातून काढून दिली, थोड्या फुशारकीनेच.

ती खाली बसली. पुरचुंडी सोडून तिने मांडीवर ठेवली. आत एक करदोटा होता, त्यात ओवलेले तांब्याचे पैसे, ताईत, लोखंडी कडं. आमच्याकडच्या प्रत्येक लेकराच्या कमरेला असतो तसा.

"पहिल्या महिन्यात मी मुलांचे करदोटे काढायला सांगत होते," ती म्हणाली. "एका आईने मला सांगितले, हा फक्त मेलेल्या मुलाचा तोडतात. ती दूध न घेता गेली. मग मी एका आजीकडून हा करून घेतला. पाऊणशे ग्रॅम. मुलाच्या अंगावर एक, इकडे एक."

मी इथलाच माणूस. माझ्या दोन्ही मुलांच्या कमरेला करदोटे होते. मला कळायला हवं होतं.

मी वही ओढली आणि पाचही आकड्यांतून पंचाहत्तर वजा केले. पाचही रेघेखाली आले. मुलगी सहा किलो नऊशे पंचावन्न. हिशेब तिने पाहिला, उठली आणि पावडरचे पाच डबे पिशवीत भरले.

चौघं खडीच्या कामावरच सापडली. पाचवीच्या पालाच्या जागी नुसती चूल होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "गेली की सोमवारी, मेंढरं घेऊन. करमाळ्याकडं म्हनत हुती. पोरगी? रडत न्हवती बाई, गपच हुती."

सिस्टर त्याच आठवड्यात करमाळ्याच्या वाटेवर जेऊरला गेली, डबा घेऊन. पंधरा दिवसांनी करमाळ्याला, एसटीने. तिथल्या खडीच्या कामांवर विचारत फिरली. दोन्ही वेळा डबा परत आला. तो दवाखान्यातल्या कुणाला तिने दिला नाही. पत्रा गंजेपर्यंत कपाटात राहिला.

वहीत त्या गुरुवारच्या खाली तिने लिहिलं, "पासंग काटेवाल्यांना सांगितला नव्हता. चूक माझी." मी म्हणालो, हे बरोबर नाही, पुरचुंडी मी सोडली, न विचारता. ती म्हणाली, "मौनाला बसण्याआधी जे बोलायचे होते, ते मी बोलले नाही." त्यावर वाद घालू दिला नाही. चूक तिची नव्हती. हे लिहिण्याचं एक कारण तेवढंच.

दोन वर्षांनी तिची बदली झाली. तोपर्यंत करमाळ्याकडची कुणीही बाई आली की ती त्या मुलीबद्दल विचारायची. शेवटच्या दिवशी मी वहीत जुने रकाने पुरे करत बसलो होतो. न आलेल्या मुलांपुढे आम्ही फुली मारत असू. त्या मुलीच्या ओळीवर माझा हात पोहोचला तेव्हा सिस्टरने माझं पेन धरलं.

"इथे काही लिहू नका," ती म्हणाली. "विचारत राहा."

मी विचारतो. करमाळ्याकडचं कुणी भेटलं की बोलणं मेंढरांवर आणतो, मग मुलींवर. जिवंत असेल तर तिला आता स्वतःची मुलं असतील. तो रकाना मी भरलेला नाही.