पिंपात उरलेलं गोडं पाणी

एकोणीसशे तीसच्या सुमाराला शिमग्यासाठी मी मुंबईहून गावी निघालो आणि आगबोट चुकल्यामुळे जयगडला माल नेणाऱ्या शिडाच्या पडावात बसलो. त्या पडावावरचं गोड्या पाण्याचं पिंप एका म्हाताऱ्या खलाशाच्या ताब्यात होतं. त्याचं नाव मी विचारलंच नाही. पिंपाला पाठ टेकून तो दिवसभर बसायचा आणि पाणी मागणाऱ्याला म्हणायचा, “आधी खाऱ्या पाण्यान् चूळ भर, मंग गोडा पी.” त्या चुळीनंतर करवंटीभर पाणी इतकं गोड लागे! तशी गोडी मला पुन्हा कुठल्याच पाण्यात सापडली नाही.

दाभोळसमोर वारा पडला आणि पडाव जागच्या जागी डुलत राहिला. तेव्हा त्याने सगळ्यांचं पाणी अर्ध्या करवंटीवर आणलं. स्वतःचं सर्वांत आधी.

जयगडला पोचलो तेव्हा पिंपाच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं, लाकडाचा वास मारणारं. म्हाताऱ्याने ते कळशीत घेतलं आणि गुडघाभर चिखल तुडवत काठावरच्या माडाच्या बुंध्याशी नेऊन ओतलं. माझी ट्रंक तोवर पडावातच.

“अहो मामा, खाडीतच ओतायचं होतं की!” मी वैतागून म्हणालो.

ओला तळवा तोंडावरून फिरवत तो म्हणाला, “गोड्याचा खारा करायला माझा हात नाय उठत, भाऊ.”

आमच्या गिरगावच्या चाळीत अजूनही कुणीतरी नळ वाहता ठेवतं. मोरीतून पळणारं ते पाणी शेवटी कुठे जातं, मला ठाऊक आहे. शेजारी हसतात. मी मात्र उष्ट्या हाताने पानावरून उठतो आणि नळ बंद करून येतो.