पालथा घातलेला कागदी कप

नव्या बंगल्याच्या अंगणात, तुळशीशेजारच्या नळाखाली, माझी आई कागदी कप धूत होती.

चहा संपल्यावर ती कुणाला न सांगता उठली, पदर सावरत पायऱ्या उतरली आणि कपात बोट फिरवून तो विसळू लागली. आधी आतून. मग काठ. मग बूड. पाणी निथळेपर्यंत झटकला आणि ठेवायला जागा शोधू लागली. भिंत नवी होती, गुळगुळीत, ताज्या रंगाच्या वासाची. तिच्यात एकही कोनाडा नव्हता. शेवटी आईने तो कप कंपाउंडच्या कठड्यावर पालथा घातला.

भिजलेला कागद हळूहळू खाली बसला.

व्हरांड्यात हशा उठला.

"अहो मावशी, हे काय करताय!" त्या घरच्या सूनबाई म्हणाल्या. "धुवायचा नसतो तो. यूज अँड थ्रो असतो."

"मावशींना घरी न्यायचा असंल," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

आईही हसली. तोंडाला पदर लावून, चूक कबूल केल्यासारखी.

नळदुर्गच्या बाहेर, महामार्गाला लागून हा बंगला. त्या दिवशी त्याची वास्तुशांत होती. सूनबाई आणि मी एकाच ज्युनियर कॉलेजात शिकवतो; त्या जीवशास्त्र, मी मराठी. स्टाफरूममध्ये माझ्या हातावर अक्षता ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "मॅडम, आईंना आणायचंच हं. सासूबाई फार आठवण काढतात त्यांची."

सासूबाई म्हणजे थोरल्या बाई. आमच्या गावात त्यांची जमीन. त्या जमिनीत खुरपून, त्यांच्या गोठ्यातलं शेण काढून आईची कंबर वाकली. तरी बोलावणं ऐकून ती हरखली. तिने निळी इरकली काढली. साडीच्या घडीतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास बसमध्ये माझ्या शेजारी दरवळत राहिला.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने देव सोडले. गावाने आमचा वेगळा कप मात्र सोडला नाही.

तो कप थोरल्या बाईंच्या गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. कान तुटलेला, आत तपकिरी वलय धरलेला. मी लहानपणी आईबरोबर जायची. थोरल्या बाई उंचावरून चहा ओतायच्या. पातेलं कपाला लागू नये म्हणून हात इतका वर, की धार वाऱ्याने हलायची. गुळाचा, आल्याचा वास शेणाच्या उबेत मिसळायचा. आई उकिडवी बसून प्यायची. मग कप धुवायची. आधी आतून, मग काठ, मग बूड. आणि कोनाड्यात पालथा घालायची.

पुढे चौपदरी रस्ता आला. रस्त्याने जमिनीला भाव आणला, भावाने बंगला आणला. बंगल्यात काचेच्या दारांची कपाटं आली, मऊ सोफे आले. आईला सोफ्यावर बसवलं तेव्हा ती कडेला, अर्ध्या मांडीएवढ्याच जागेत टेकली. थोरल्या बाई समोर आरामखुर्चीत होत्या. "चंद्रे, आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. त्या आवाजात खरी माया होती. आजही मला ते नाकारता येत नाही.

मग सूनबाई ट्रे घेऊन आल्या. निळ्या फुलांचे चिनी मातीचे कप. आणि कोपऱ्यात कागदाचे दोन. ट्रे वाकला तेव्हा ते दोन आमच्याकडे होते.

आईने दोन्ही हातांनी घेतला. मीही घेतला. कागदातून बोटांना चटका बसत होता. मी स्वतःला समजावत होते, पाहुणे जास्त, कप कमी. तेवढ्यात मागून दोन बायका आल्या, टेकल्या, आणि त्यांच्या हातात निळी फुलं आली.

त्यानंतर आई नळाकडे गेली. त्यानंतर हशा उठला.

सूनबाई आत आल्या, तसा मी माझा कप न पिता टीपॉयवर ठेवला.

"आम्हा दोघींनाच कागदाचे का?"

सूनबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "कप कमी पडले हो मॅडम. आणि पेपर कप स्वच्छ असतात, उलट."

त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, धुतलेले कप ओळीने पालथे होते. निळी फुलं पाण्याने चमकत होती.

"अगं, आता कुठं राहिलंय तसलं?" थोरल्या बाई म्हणाल्या. "तुझ्या आईला सोफ्यावर बसवलं, ते न्हाय दिसलं तुला?"

"दिसलं," मी म्हणाले. "मग ओट्यावरच्या त्या कपात तिला चहा द्या."

कुणी उठलं नाही.

तेव्हा दारातून आई बोलली. तिचे हात अजून ओले होते. "ऱ्हाऊ द्या बाई. चहा बाधतो मला."

आयुष्यभर चहावर दिवस ढकललेली बाई. त्या घराची लाज तिने झाकली. माझ्या हाताला धरून तिने मला बाहेर आणलं.

बसथांब्यावर किल्ल्याकडून गरम वारा येत होता. आईने ओले हात पदराला पुसले.

"कशाला बोललीस? बोलवत्यात तरी आता."

मग ती स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाली, "मला कुनी धू म्हनलं न्हवतं गं. हातच गेला."

हातच गेला. सूनबाईंचाही हातच गेला होता. ट्रे लावताना तो कुठे अडखळला नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांनी डिग्री घेतली, घर बदललं, कोनाडा बुजवला. बदल झाला तो एवढाच: आमचा कप आता धुवून ठेवावा लागत नाही. आम्ही उठलो की फेकून देता येतो.

आई माझ्या घरीही चहा पिऊन आपला कप आधी धुते, वेगळा पालथा घालते. मी थांबवलं तर कानकोंडी होते. तिचे हात मी आता बदलू शकत नाही, हे मला कळलं आहे.

माझे हात माझे आहेत. तसा कप ते पुन्हा उचलणार नाहीत. जिथे तो पुढे येईल, स्टाफरूम असो की लग्नाचा मांडव, तिथे मी सर्वांदेखत विचारीन: हा मलाच का? बोलावणी थांबतील. थांबू देत.

शेजारी माझी लहान मुलगी बसलेली असेल. तिचे हात अजून काहीच शिकलेले नाहीत.